मॅचला जाणं

आमच्या घरात एक वाद आहे, तो गेली कित्येक वर्षं मिटलेला नाही. मॅच घरी बसून बघावी की मैदानावर जाऊन? आई घरी बसण्याच्या बाजूची. ताई आईच्या बाजूची. मी मैदानाच्या. आणि अण्णांना विचाराल तर ते म्हणतात, "हिशोब बघून सांगतो."

हे ते गमतीनं म्हणत नाहीत. अण्णा रेल्वेतून रिटायर झाले, जवळजवळ सगळी नोकरी दौंडला काढली. शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी कायम. दिवसभरात जे पैसे जातील ते रात्री झोपायच्या आधी त्यात लिहायचे. चहा, पानसुपारी, सायकलचं पंक्चर, सगळं. अशा डायऱ्यांची एक पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर आहे. आमच्या घरात कोण कधी आजारी पडलं, कोणाकडे कधी आहेर गेला, हे आईला आठवत नसेल तर पेटी उघडायची!

तर मागच्या महिन्यात माळा साफ करताना मला १९९६ ची डायरी सापडली, आणि २९ फेब्रुवारीचं पान मी लगेच उघडलं. सात ओळी होत्या. पीएमटी, चहा, भेळ, शेंगा, परत पीएमटी, परत चहा, आणि तिकिटं तीन. गाडीभाड्याची ओळ नव्हती, कारण आम्ही पासवर गेलो होतो. मामा शिरूरहून एसटीनं आला होता, तो त्याचा खर्च.

त्या वर्षीच्या वर्ल्ड कपची पुण्याच्या वाट्याला एकच मॅच आली होती. केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. मी सातवीत होतो. लारा बघायला मिळणार म्हणून आठवडाभर झोप नव्हती. गुरुवार होता, शाळा बुडवायची होती, आणि अण्णांनी ती स्वतःहून बुडवू दिली. हे आमच्या घरात त्याआधी कधी घडलं नव्हतं, नंतरही नाही.

पहाटे शटल पकडली. दौंडच्या पोरांना ही स्टेशनं पाढ्यासारखी पाठ असतात. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर. उरुळीपासून गाडी भरत गेली. डब्यात मॅचला जाणारे आम्ही दोघंच असू, बाकी सगळे कामाला जाणारे आणि दुधाच्या किटल्या. अण्णा जो भेटेल त्याला सांगत होते, "पोराला वर्ल्ड कप दाखवायला नेतोय." पुणे स्टेशनवरून पीएमटीनं स्वारगेट. नेहरू स्टेडियम स्वारगेटच्या एसटी स्टँडपासून इतकं जवळ, की बसमधून उतरलं की लाउडस्पीकर ऐकू यायचा. मामा शिरूरच्या एसटीनं शिवाजीनगरला उतरून आमच्या आधीच गेटावर येऊन उभा होता. डोक्याला टोपी, हातात पिशवी, पिशवीत भाकरी.

मामाला क्रिकेटचं फार नाही. तो गाड्यांचा माणूस. बैलगाड्यांचा. आल्या आल्या म्हणाला, "दाजी, केनिया म्हंजी ते पळणारं का ओ? त्ये काय खेळत्यात?"

केनियाच्या सगळ्या बाद १६६ झाल्या. त्यातल्या ३७ अवांतर! कुठल्याही केनियन बॅट्समनपेक्षा वेस्ट इंडीजच्या बोलर्सनीच जास्त धावा करून दिल्या होत्या. लंचला मामा उठला. "लारा एकटा काढतोय ह्या. मी निघतो दाजी, दूध काढायला घरी कोण न्हाई." अण्णांनी त्याला सदऱ्याला धरून खाली बसवला. "पाव्हणं, तिकिटाचे पैसे शेवटच्या चेंडूपर्यंतचे असतात. आधी उठलं तर उरलेले पैसे परत देतंय का कोण?"

मामा बसला. आणि मग जे झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे. लारा ८ वर गेला. रजब अलीचा बॉल, मागे कॅच. केनियाचा कीपर तारिक इक्बाल, चांगला अंगानं भरलेला, बॉल सोडत होता म्हणून आमचा अख्खा स्टँड त्याला हसत होता. आणि त्यानंच लाराचा कॅच धरला. क्षणभर स्टँड गप्प झाला. आम्ही लारासाठी आलो होतो हो! आणि मग कुठून तरी टाळ्या सुरू झाल्या आणि दहा मिनिटांत सगळं स्टेडियम केनियाचं झालं. हितेश मोदी, आसिफ करीम अशी नावं असलेली माणसं आपल्याला परकी वाटेनात. वेस्ट इंडीज ९३ वर गारद. मॉरिस ओडुंबेनं १० षटकांत १५ धावा देऊन ३ विकेट काढल्या. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारायला आले तेव्हा मामा बाकावर उभा राहून टोपी फिरवत होता. त्या दिवशी दूध कोणी काढलं कोण जाणे.

घरी आलो तर आईनं टीव्हीवर सगळं बघितलेलं. लाराचा कॅच तिनं चार वेळा बघितला होता, आम्ही एकदा, आणि तोही समोरच्या उंच माणसाच्या खांद्यावरून. वाद तिथून सुरू झाला.

आता मध्ये सत्तावीस वर्षं गेली आहेत असं समजा. नेहरू स्टेडियमवरच्या मोठ्या मॅचेस बंद झाल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये गहुंज्याचं स्टेडियम सुरू झालं, द्रुतगती महामार्गाच्या कडेला, पुण्याच्या बाहेर. दिसायला फार देखणं आहे, डोंगर मागे, गवत हिरवंगार, बसायला प्रत्येकाला खुर्ची. पण स्वारगेटसारखं बसमधून उतरलं की आलं, असं नाही. लोकलनं जायचं तर देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरून पुढे रिक्षा नाहीतर पाय. मोठ्या मॅचला पीएमपीच्या खास बसेस सुटतात, त्या पुण्यातून. पण दौंडच्या माणसाचा प्रश्न जाण्याचा नसतोच, रात्री परत येण्याचा असतो. शिरूरच्या माणसाचं तर विचारूच नका, त्याला रेल्वेच नाही.

माझा एक मावसभाऊ बॉस्टनला असतो. त्याला बेसबॉलचं वेड लागलंय. तिथलं फेनवे पार्क हे मैदान १९१२ सालचं, म्हणजे आपल्या गहुंज्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीचं. प्रेक्षक साधारण आपल्याइतकेच, सदतीस-अडतीस हजार. पण ते भर शहरात, घरांच्या आणि दुकानांच्या मध्ये अडकलेलं. तो म्हणतो, तिथे गाडी घेऊन जाणारा वेडा. मैदानाजवळ गाडी लावायला कधी कधी स्वस्तातल्या तिकिटापेक्षा जास्त डॉलर मोजावे लागतात. म्हणून सगळे भुयारी गाडीनं केनमोर स्टेशनला उतरतात आणि चालत जातात. मी म्हटलं, अरे, हे तर आमचं स्वारगेट! जुनी मैदानं लोक बसनं, रेल्वेनं येणार असं धरून बांधलेली. नवी मैदानं लोक गाडीनं येणार असं धरून बांधलेली. मध्ये शंभर वर्षं गेली आणि पार्किंग नावाचा खर्च जन्माला आला.

अण्णांना मात्र रेल्वेशिवाय दुसरं काही पटत नाही. २०१८ साली चेन्नईच्या संघाचे सामने पुण्याला हलवले होते, तेव्हा त्यांच्या हजारभर पाठीराख्यांसाठी चेन्नईहून पुण्याला खास गाडी सोडली होती. ती बातमी अण्णांनी पेपरातून कापून ठेवली. चेन्नईची गाडी म्हणजे सोलापूर, दौंड करतच पुण्याला येणार. "हजार किलोमीटर बसून आली पोरं. याला म्हणतात मॅचला जाणं," असं ते कितीतरी दिवस सांगत होते.

तर २०२३ चा वर्ल्ड कप. १९ ऑक्टोबर, भारत विरुद्ध बांगलादेश, गहुंजे. मी दोन तिकिटं काढली. किती रुपयांची ते इथे लिहीत नाही, कारण अण्णांना मी सांगितलं होतं की ऑफिसातल्या एकाला ती फुकट मिळाली होती आणि त्याला जमत नव्हतं म्हणून त्यानं दिली. खरी किंमत सांगितली असती तर ते आलेच नसते. तारीख ऐकल्यावर त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "हाही गुरुवारच. तोही गुरुवार होता."

ताईचा फोन आला. अण्णांचा उजवा गुडघा तेव्हा दुखत होता, जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. "त्यांना एवढ्या गर्दीत नेऊ नकोस," ती म्हणाली. मी म्हटलं, "गाडीनं नेतो, दारात उतरवतो." हे वाक्य लक्षात ठेवा.

अण्णांचं म्हणणं, डेमूनं पुणे, मग लोकलनं देहूरोड. मी म्हटलं रात्री परत कसे येणार? त्यावर त्यांच्याकडे तीन गाड्यांची नावं तयार होती. पण गुडघ्याचं कारण काढून मी गाडीच काढली. आठला दौंड सोडलं. पाटसचा टोल, यवत, लोणी, हडपसर, तिथून कात्रज आणि बायपास. किवळ्याच्या पुढे गाड्यांची रांग लागली ती हलेना. शेवटी एका शेतात, दोरी बांधून केलेल्या पार्किंगमध्ये, ३०० रुपये देऊन गाडी लावली. पावती नाही, हातावर एक चिठ्ठी. अण्णांनी त्या मुलाला विचारलं, "बाळा, इथनं स्टेडियम किती लांब?" तो म्हणाला, "हे काय, इथंच, आजोबा." इथंच म्हणजे दीड-दोन किलोमीटर.

जाताना काही वाटलं नाही. दुपार होती, उत्साह होता, सगळा रस्ता निळ्या शर्टांचा. कोणी गालावर तिरंगा काढून घेतंय, कोणी भोंगा वाजवतंय. अण्णांनी पन्नास रुपयांची टोपी घासाघीस करून चाळीसला घेतली आणि एखाद्या कार्ट्यासारखी उलटी घातली.

मॅच तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे, मी काय सांगणार? मैदानातून काय दिसलं तेवढं सांगतो. पंड्या पाय धरून खाली बसला ते दिसलं, पण काय झालं ते कळलं नाही. मग राहिलेले तीन बॉल टाकायला कोहलीनं बॉल हातात घेतला तेव्हा जो आवाज झाला, तो टीव्हीतून येऊच शकत नाही. जडेजानं मुशफिकुरचा कॅच सूर मारून घेतला, तेव्हा मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होतो. अण्णांनी बघितला. "गेला तो!" एवढंच म्हणाले, आणि नंतरची पाच मिनिटं मला मूर्ख म्हणत होते.

बांगलादेशच्या २५६. आपली सुरुवात झकास. रोहित ४८, गिल ५३. साडेआठ-नऊच्या सुमारास मॅच खिशात आली होती आणि मी गणित करायला लागलो. आत्ता निघालो तर गर्दीच्या आधी गाडीपर्यंत पोचू. अण्णा सावकाश चालतील. साडेबाराला घरी. मी म्हटलं, "अण्णा, निघायचं का? जिंकलोच आहोत आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शेवटच्या चेंडूपर्यंत," म्हणाले.

आणि बघा, खरी मजा पुढेच होती. जिंकायला लागणाऱ्या धावा आणि कोहलीच्या शतकाला लागणाऱ्या धावा जवळजवळ सारख्या उरल्या. राहुल सरळ सरळ धावा नाकारायला लागला. भारताची एक धाव होऊ नये म्हणून भारताचंच स्टेडियम ओरडतंय, असा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. पलीकडच्या खुर्चीतला कोणाचा कोण मुलगा अण्णांचा हात घट्ट धरून बसला होता. ४२ वं षटक, तिसरा बॉल, षटकार. नाबाद १०३. तो मुलगा अण्णांना मिठी मारून नाचला. अण्णा नाचले नाहीत, गुडघ्यामुळे, पण टोपी काढून फिरवली. मामासारखी.

आणि मग परत निघालो.

हा भाग मला लिहायला जड जातोय. सदतीस-अडतीस हजार माणसं एकाच वेळी उठली की काय होतं, ते टीव्हीवर दाखवत नाहीत. जिन्यावर अण्णा एकेक पायरी उतरत होते आणि मागून लोट येत होता. रस्त्यावर आलो तर दुचाक्या, माणसं, गाड्या सगळं एकात एक. अर्ध्या वाटेवर अण्णा थांबले. काही बोलले नाहीत, फक्त थांबले आणि माझा खांदा धरला. त्यांच्या हाताचं वजन मला कळलं. एवढं वजन त्यांनी माझ्यावर कधी टाकलं नव्हतं. दारात उतरवतो म्हणालो होतो मी! गाडी आणायला जावं तर त्यांना कुठे सोडू? आणि आणली तरी त्या गर्दीतून ती येणार कशी?

एका फुटाणेवाल्यानं स्वतःचं स्टूल दिलं. अण्णा अर्धा तास त्यावर बसून होते. तोंडाला रंग लावलेली चार पोरं आली, "आजोबांना वाट द्या, आजोबांना वाट द्या" करत आमच्या पुढे चालली, अगदी त्या शेतापर्यंत. कुठली होती, नावं काय, काही विचारलं नाही. शेतातून गाडी बाहेर निघायला सव्वा तास गेला. अण्णा मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते. यवतच्या पुढे मी आरशात बघितलं तर जागेच होते.

"दुखतंय का?"

"दुखतंय," ते म्हणाले. "पण निघालो असतो तर जास्त दुखलं असतं."

अडीचला घरी पोचलो. आई जागी होती. तिनं आधी गुडघा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. पुढे दोन महिने व्यायाम, शेक आणि ताईचे फोन. ताईचं चुकत नव्हतं. एका मॅचसाठी मी त्यांना हे करायला लावलं, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नंतर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडची कसोटी गहुंज्याला होती. मी भीत भीत विचारलं. अण्णा नको म्हणाले. पहिल्यांदाच हिशोब न बघता. ती कसोटी तीन दिवसांत हरलो, सॅन्टनरनं १३ विकेट काढल्या आणि बारा वर्षांनी आपण मायदेशात मालिका गमावली. "बरं झालं नाही गेलो," अण्णा म्हणाले, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

मागच्या चैत्रात मामाच्या गावची यात्रा होती. शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या बाजूला. शर्यतीवरच्या बंदीच्या वर्षांत मामाचा गोठा रिकामा झाला होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोर्टानं परवानगी दिल्यावर त्यानं पुन्हा जोडी घेतली. बैलांना त्रास होतो असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं, मामाला पटत नाही, आमचं त्यावर भांडण होतं. ते पुन्हा कधी तरी. सांगायचं वेगळंच आहे.

घाटावर हजारो माणसं. तिकीट नाही. गहू काढलेल्या रानात गाडी लावली, रानाचा मालक म्हणाला, "घोडनदीच्या पाव्हण्यांची गाडी सावलीला लावा." आम्ही दौंडचे, पण असू दे. अण्णांसाठी कोणी तरी खुर्ची आणली, कोणी तरी पाणी. चार बैल, पुढे घोडी, एकेक बारी दहा-बारा सेकंदांची. मध्ये नुसता धुरळा आणि वाट बघणं. दिवस मावळायला आला तरी अण्णा उठेनात. मामा म्हणाला, "दाजी, चला की आता, मोठ्या बाऱ्या झाल्या." अण्णांनी मान हलवली. शेवटची बारी सुटेपर्यंत आम्ही तिथेच.

आता डायरीकडे येतो. माळ्यावर १९९६ ची सापडली म्हणून मी २०२३ ची पण शोधली. १९ ऑक्टोबर. टोल. पार्किंग ३००. टोपी ४०. पाणी. वडापाव. फुटाणे १० (हे मला माहीतच नव्हतं, स्टुलाच्या बदल्यात घेतले असणार). आणि सगळ्यात खाली, तिकिटं दोन, समोर पूर्ण किंमत. रुपयाचाही फरक नाही. किंमत तिकिटावर छापलेली असते, हे मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. गेटावर त्यांनी तिकीट चष्मा लावून वाचलं होतं, मला वाटलं सीट नंबर बघतायत.

डायरी घेऊन खाली आलो. म्हटलं, "अण्णा, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पान बघितलं, बोट फिरवत बेरीज पुन्हा तपासली.

"तिकिटाचं ठीक आहे," म्हणाले. "पार्किंगचे तीनशे मात्र जास्त घेतले त्यानं."